सिस्टरांना विचारा : ऑपरेशन चांगलं झालं, मग बाबा गेले कसे?

(इंदूरच्या एक निवृत्त नर्सिंग इन्चार्ज या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. त्यांची नोकरीतली बहुतेक वर्षं मेडिसिन वॉर्डात आणि नंतर आयसीयूत गेली. पत्रलेखकांची नावं त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.)

प्रश्न : ताई, सा. न. माझे बाबा ७८ वर्षांचे होते. डायबिटीस जुना, पण बाकी हिंडते-फिरते. रोजचं दूध तेच आणायचे. एका शनिवारी दुपारी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही राजेंद्रनगरला राहतो. जवळच्याच एका खासगी दवाखान्यात नेलं. शुगर वाढलेली होती, शिवाय भाऊ पुण्याहून यायचा होता, म्हणून ऑपरेशन मंगळवारी झालं. डॉक्टर म्हणाले, एकदम छान झालंय. शुक्रवारी रात्री बाबा असंबद्ध बडबडत होते, शनिवारी मात्र दिवसभर शांत झोपून राहिले. आम्हाला वाटलं, चला, दुखणं थांबलं, झोप लागली एकदाची. रविवारी पहाटे धाप लागली, बीपी खाली गेलं, आयसीयूत हलवलं आणि मंगळवारी ते गेले. कागदावर ‘न्यूमोनिया, सेप्टिक शॉक’ लिहिलंय. पायाच्या ऑपरेशनमध्ये छातीचं दुखणं कुठून आलं? रविवार होता, मोठे डॉक्टर नव्हते, म्हणून असं झालं का? आम्ही दवाखाना चुकीचा निवडला का? या विषयावरून भाऊ आणि मी एकमेकांशी नीट बोलेनासे झालो आहोत.
– एक मुलगी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी छातीचं सांगते. खुबा मोडलेलं म्हातारं माणूस हाडामुळे क्वचितच जातं. ते जातं अंथरुणाला खिळल्यामुळे. उताणं पडून राहिलं की फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साठतो, आणि खोकून तो बाहेर काढायची ताकद नसते. वर दुखण्याच्या औषधांची गुंगी. अशा गुंगीत लाळ, पाणी, चमचाभर पेज अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया धरतो. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरते ती अशीच, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर मिनिटांचा खेळ असतो. लघवीच्या नळीतून जंतू वर चढतात. पाठीला, टाचांना जखमा होतात. म्हणूनच खुब्याचं ऑपरेशन होता होईल तो ३६ ते ४८ तासांत करावं आणि दुसऱ्या दिवशी माणसाला धरून का होईना, उभं करावं असा आता सगळीकडे आग्रह असतो. इतकं करूनही ठिकठिकाणच्या नोंदी सांगतात की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी चार-पाच जणांतला एक वर्षभरात जातो. हे तुम्हाला ऑपरेशनच्या आधीच कोणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं. सही घेताना सांगितलेलं कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

दवाखान्याच्या दारातून माणूस आत येतो तेव्हा बरंचसं त्याच्यासोबतच आलेलं असतं. वय, डायबिटीस, किडनी किती काम करते, हृदय किती थकलंय, अंगात मांस किती उरलंय, पडायच्या आदल्या आठवड्यात तो स्वतःचं स्वतः किती करत होता. डॉक्टर लोक याचे गुण मांडतात. चार्लसन यांनी १९८७ मध्ये बसवलेली मोजणी आजही चालते, आयसीयूत आणखी वेगळ्या. यातलं काहीही तुमच्या हातात नव्हतं. बाबा दूध आणायला जात होते ही त्यांच्या बाजूची फार मोठी जमेची गोष्ट होती, पण ७८ वय आणि जुना डायबिटीस हेही त्यांच्यासोबत आलेच.

शनिवार ते मंगळवार. शुगर फार चढलेली असेल तर काही तास थांबणं भाग असतं, त्याला माझी हरकत नाही. पण मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबणं हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि ते बंद व्हायला हवं. हा दोष तुमच्या भावाचा नाही. एक-एक दिवस किती महागात पडतो हे डॉक्टरांनी त्याला फोनवर सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, माझी वाट बघू नका, करा. मात्र ऑपरेशन रविवारी झालं असतं तर बाबा वाचले असते, असं मी म्हणणार नाही आणि कोणी म्हणालं तर तुम्हीही ऐकू नका. एका माणसाच्या बाबतीत हे कोणालाच सांगता येत नाही.

आता रविवारचं. ही शंका तुमची एकटीची नाही, निदान पाच पत्रांत ती आहे. कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ३८ लाख भरतींचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूला सर्वाधिक कारण ठरणारे शंभर आजार त्यांनी तपासले. त्यातल्या २३ आजारांत शनिवार-रविवारी भरती झालेल्यांचे मृत्यू खरोखरच जास्त निघाले. पोटातली महाधमनी फुटणं, फुप्फुसात गाठ जाणं, असे आजार. म्हणजे जिथे ताबडतोब खास माणूस आणि खास यंत्र लागतं. खुब्याचं हाड मोडलेल्यांत मात्र फरक आढळला नाही. नंतर इतर देशांतही असे अभ्यास झाले, वादही झाले, कारण सुट्टीच्या दिवशी येणारे रुग्ण मुळातच जास्त गंभीर असतात. तेव्हा शनिवारी भरती केलं म्हणून बाबा गेले, हे मनातून काढून टाका.

मी तुमचं पत्र वाचताना थांबले ती शुक्रवार रात्र आणि शनिवार इथे.

म्हातारं माणूस ऑपरेशननंतर अचानक भलतंसलतं बोलायला लागलं, गेलेल्या आईला हाका मारायला लागलं, सलाइन ओढायला लागलं, की आपण म्हणतो, वय झालं, जागा नवी आहे, होतं असं. वॉर्डातही असंच म्हणतात. पण नव्याने आलेला गोंधळ हा शरीरात काहीतरी बिघडल्याचा निरोप असतो. बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो, ऑक्सिजन कमी पडणं असतं, लघवी तुंबणं असतं, सोडियम उतरणं असतं, नाहीतर एखादं औषध. आणि दुसऱ्या दिवशीचं ते गप्प पडून राहणं बडबडीपेक्षाही वाईट. बडबडणाऱ्याकडे सगळे धावतात. झोपलेल्याला कोणी उठवत नाही. हाक मारली की जेमतेम डोळे उघडतो, ‘हूं’ म्हणतो आणि पुन्हा मिटतो, अशा माणसाला मी झोपलेला म्हणत नाही. हे ओळखण्याचं काम तुमचं नव्हतं. ते वॉर्डाचं काम होतं.

आता एक अभ्यास सांगते. माझ्या मते दवाखान्यातल्या मृत्यूंबद्दल यापेक्षा महत्त्वाचं फार थोडं लिहिलं गेलंय. अमेरिकेतल्या १८६ हॉस्पिटलांचे आकडे २००९ मध्ये मांडले गेले. ऑपरेशननंतर सर्वांत जास्त रुग्ण दगावणारी हॉस्पिटलं एका बाजूला, सर्वांत कमी दगावणारी दुसऱ्या बाजूला. सगळ्यांना वाटत होतं, पहिल्या गटात ऑपरेशनं बिघडत असणार, न्यूमोनिया, गाठी, रक्तस्राव जास्त होत असणार. तसं निघालंच नाही. मोठी गुंतागुंत पहिल्या गटात १८ टक्के, दुसऱ्या गटात १६ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखीच. पण ती गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या गटात २१ टक्के गेले आणि दुसऱ्या गटात साडेबारा. संकट दोन्हीकडे सारखंच येत होतं. एका ठिकाणी ते कोणाच्या तरी लवकर लक्षात येत होतं आणि लगेच हालचाल होत होती, दुसऱ्या ठिकाणी नाही.

त्या उशिराची किंमत काय? सेप्टिक शॉक म्हणजे जंतुसंसर्गामुळे बीपी कोसळणं. कॅनडा आणि अमेरिकेतल्या रुग्णांवरचा २००६ चा अभ्यास आहे. बीपी उतरल्यापासून पहिल्या तासात योग्य अँटिबायोटिक मिळालं तेव्हा जवळजवळ ८० टक्के रुग्ण वाचले. पुढच्या सहा तासांत, दर तासाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांनी घसरत गेली. रविवारी पहाटे तुमच्या बाबांचं बीपी उतरलं तेव्हा कोणाला बोलावलं, किती वाजता, पहिलं इंजेक्शन किती वाजता गेलं, कल्चरसाठी, म्हणजे कोणते जंतू आहेत ते तपासायला, रक्त घेतलं का, हे प्रश्न विचारण्यासारखे आहेत. त्याच्याही आधी, शुक्रवारी रात्री आणि शनिवारी बाबांचा श्वास मिनिटाला किती होता, हा प्रश्न.

श्वासाबद्दल जरा सविस्तर लिहिते. ताप, नाडी, बीपी मोजायला यंत्रं आहेत, ऑक्सिजनला बोटातली चिमटी आहे. श्वास मोजायला मात्र माणसालाच एक मिनिट उभं राहावं लागतं. आणि नेमकं तेच होत नाही. कुठल्याही वॉर्डातले चार्ट काढून बघा, श्वासाच्या रकान्यात २०, २०, २०, १८, २० असे आकडे खालपर्यंत सारख्याच हस्ताक्षरात भरलेले दिसतील. त्या कॉटवरचा माणूस मिनिटाला तीस श्वास घेत असतो आणि चार्टवर वीस असतात. मी इन्चार्ज होते तेव्हा नव्या मुलींना यासाठी रागावले आहे, त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांच्याकडून मोजून घेतलं आहे. बिघडणाऱ्या माणसाचा श्वास बीपीच्या कितीतरी आधी, कधीकधी दिवसभर आधी, वाढायला लागतो. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सरकारी रुग्णालयांत ‘न्यूज’ नावाची गुणपद्धत आहे. श्वास, ऑक्सिजन, तो बाहेरून द्यावा लागतोय का, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे. पाच झाले की डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं, सात झाले की आयसीयूच्या लोकांना बोलवायचं. एकट्या श्वासाने पंचवीस गाठले की तीन गुण. २०१७ मध्ये त्यात नव्याने आलेल्या गोंधळालाही तीन गुण दिले गेले. तुमच्या बाबांची शुक्रवार रात्र तिथेच तीन गुणांची झाली असती.

घरच्यांनाही हे मोजता येतं. रुग्णाला सांगायचं नाही, सांगितलं की तो श्वास बदलतो. चादरीवरून पोटाकडे बघायचं, मोबाइलवर साठ सेकंद लावायचे आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, म्हातारं माणूस एकसारखा श्वास घेत नाही. बारा ते वीस ठीक. बावीसच्या वर गेला तर सिस्टरला सांगायचं, पंचवीसच्या वर गेला तर डॉक्टर येईपर्यंत हलायचं नाही. त्यासोबत मानेचे स्नायू ओढले जाताहेत का, नाकपुड्या फुलताहेत का, एक वाक्य एका दमात पुरं होतंय का हे पाहा. लघवीची पिशवी बघा. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण तीस मिली तरी लघवी व्हायला हवी. सहा तासांत एकशेऐंशीसुद्धा झाली नसेल तर सांगा.

सांगायचं कसं, तेही महत्त्वाचं. ‘जरा बघा ना, बरं वाटत नाहीये’ म्हटलं की गर्दीत ते विरून जातं. इथे वॉर्डात बोलणं हिंदीतच होतं, तेव्हा सरळ म्हणा, ‘सिस्टर, साँस तीस चल रही है, कल तक होश में बात कर रहे थे, आज आँख नहीं खोल रहे, डॉक्टर को अभी बुलाइए।’ आकडा, कालचा फरक, आणि काय हवंय ते. वेळ लिहून ठेवा. अर्ध्या तासात कोणी आलं नाही तर वरच्या डॉक्टरला फोन लावायला सांगा आणि तिथेच उभे राहा. रागवायचं नाही, आवाज चढवायचा नाही, पण जायचंही नाही. इंग्लंडमध्ये २०२४ पासून बऱ्याच रुग्णालयांत घरच्यांना हा अधिकारच दिला आहे: रुग्ण ढासळतोय आणि कोणी ऐकत नाही असं वाटलं तर वेगळ्या गंभीर-उपचार टीमला स्वतः बोलावता येतं. सेप्सिसने गेलेल्या एका मुलीच्या आईवडिलांनी त्यासाठी लढा दिला. आपल्याकडेही असं व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता सिस्टरांच्या बाजूचंही ऐका. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा २००२ चा अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ आहे. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की ऑपरेशन झालेल्या रुग्णांची तीस दिवसांत मरण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत पाहिलं, तिथेही सातच टक्के. आणि आपल्याकडे? रात्रपाळीला एकेका मुलीकडे वीस-वीस, पंचवीस-पंचवीस रुग्ण असतात. इंजेक्शनं, सलाइन बदलणं, फायली भरणं, नवीन भरती. ती चार्टवर वीस लिहिते ते तिला काळजी नाही म्हणून नव्हे. पंचवीस माणसांसमोर प्रत्येकी एक मिनिट उभं राहणं तिला परवडतच नाही. संगमरवरी लॉबी आणि एसी खोली दिसते, रात्री दोन वाजता मजल्यावर किती सिस्टर आहेत ते दिसत नाही. दवाखाना निवडताना मी तरी आधी तेच विचारीन.

तेव्हा दवाखाना चुकला का, याचं उत्तर त्या शनिवारच्या चार्टमध्ये आहे. तो मागवून घ्या. कसा मागवायचा ते शेवटच्या पत्राच्या उत्तरात लिहिलंय. भावाला सोबत घेऊन जा, तो फाइल वाचताना शेजारी बसा. तुम्ही दोघांनी जे ठरवलं ते समोर असलेल्या माहितीवर ठरवलं, आणि जी माहिती द्यायला हवी होती ती तुम्हाला कोणी दिली नव्हती.

प्रश्न : आमच्या सोसायटीत नेहमी बोललं जातं की सरकारी मोठ्या दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही, खासगीत मृत्यू कमी होतात. आकडे तसेच असतात म्हणे. आपलं मत?
– निवृत्त बँक कर्मचारी, वैशालीनगर, इंदूर

उत्तर : आकडा खरा असेल आणि त्यावरून काढलेला अर्थ खोटा असेल, असं या विषयात फार वेळा होतं. आमच्या व्यवसायाच्या आद्य, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, यांच्याही बाबतीत ते झालं. हॉस्पिटलांवरच्या त्यांच्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत एक तक्ता आहे. त्यात लंडनच्या २४ हॉस्पिटलांचा मृत्युदर नव्वद टक्क्यांच्या वर दाखवलाय! वर्षभरातले मृत्यू घेतले आणि भागले एका ठरावीक दिवशी भरती असलेल्या रुग्णांच्या संख्येने. वर्षभरात त्याच कॉटांवर कितीतरी जण बरे होऊन गेले, ते हिशेबात आलेच नाहीत. त्यावर तेव्हाच्या वैद्यकीय पत्रांतून जोरदार टीका झाली आणि ती रास्त होती. त्यांनी नोंदी ठेवायला लावल्या हे त्यांचं मोठेपण कायम आहे, पण कशाला कशाने भागलं हे विचारायलाच हवं.

आता इंदूरचं पाहा. एमवायमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, येतं कोण? झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन, धार इथून रेफर होऊन आलेले. साप चावून कित्येक तास झालेले, भाजलेले, कीटकनाशक प्यायलेले, बाळंतपण अडून रस्त्यात रक्त वाहून गेलेल्या बायका, आणि खासगीत पैसे संपल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी हलवलेले. दारात येतानाच ज्याची नाडी लागत नाही अशा माणसाचा मृत्यूही त्याच रुग्णालयाच्या खात्यात लिहिला जातो. छोट्या नर्सिंग होममध्ये हर्नियाचं ऑपरेशन करून चौथ्या दिवशी घरी जाणाऱ्यांशी याची तुलना कशी करणार? वय, आजार आणि येतानाची गंभीरता लक्षात घेऊन, इतके मृत्यू अपेक्षित होते आणि प्रत्यक्ष किती झाले, असा हिशेब इंग्लंडमध्ये मांडतात. तसा हिशेब असेल तरच दोन रुग्णालयांची तुलना करावी.

आणखी एक गोष्ट, जी आपण सगळे जाणतो आणि बोलत नाही. आता काही उरलं नाही असं कळलं की घरचे कागदावर सही करून माणसाला घरी घेऊन जातात. देह घरातून जावा, ही भावना मी समजू शकते. खर्च झेपत नाही हेही अगदी खरं आहे. तो माणूस रस्त्यात किंवा घरी दोन तासांनी जातो. दवाखान्याच्या नोंदीत तो ‘मृत्यू’ नसतो, ‘सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ असतो. त्यामुळे काही ठिकाणचे आकडे फार स्वच्छ दिसतात. तुमच्या सोसायटीत पुढच्या वेळी हा विषय निघाला तर एवढं नक्की सांगा.

सरकारीत सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. गर्दी आहे, एका कॉटवर दोन रुग्ण मी पाहिलेत, हात धुवायच्या बेसिनला पाणी नसायचं असे दिवसही पाहिलेत. पण रात्री तीन वाजता प्रत्येक विभागाचा डॉक्टर इमारतीत हजर असतो आणि ब्लड बँक आवारातच असते, हे मोठ्या मेडिकल कॉलेजातच मिळतं. गंभीर अपघात किंवा विषबाधेत मी आजही आधी तिथेच नेईन.

प्रश्न : वडिलांना स्वादुपिंडाच्या गाठीचं मोठं ऑपरेशन सांगितलंय. एक ओळखीचे सर्जन देवासलाच करतो म्हणतात, खर्चही कमी. इंदूरला किंवा मुंबईला जावं का? काय विचारावं?
– एक मुलगा, देवास

उत्तर : या ऑपरेशनबद्दल मी ठाम आहे. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याच्या नोंदींवरून २००२ मध्ये चौदा प्रकारच्या मोठ्या ऑपरेशनांचा अभ्यास झाला. सगळीकडेच, जिथे ते ऑपरेशन जास्त वेळा होतं तिथे मृत्यू कमी. पण स्वादुपिंडात फरक सर्वांत मोठा होता: क्वचित करणाऱ्या हॉस्पिटलांत १६ टक्के, नेहमी करणाऱ्यांत चारांहून कमी. कारण सर्जनचा हात हा त्यातला एक भाग. पाचव्या-सहाव्या दिवशी शिवण गळू लागली तर ते ओळखणारी सिस्टर, रात्री सीटी स्कॅन करणारा माणूस, नळी घालणारा रेडिओलॉजिस्ट, आयसीयू, हे सगळं लागतं. ओळखीच्या सर्जनांचा मान राखून त्यांनाच विचारा, गेल्या वर्षी तुम्ही अशी किती केलीत, आणि तुमच्या वडिलांसाठी तुम्ही काय केलं असतं? चांगला सर्जन प्रामाणिक उत्तर देतो.

आणखी विचारा: रात्री इमारतीत डॉक्टर असतो की फोनवर? ऑपरेशननंतर वडील जिथे असतील तिथे एका सिस्टरकडे किती रुग्ण? ऑपरेशनच्या आधी सगळी टीम थांबून चेकलिस्ट मोठ्याने वाचते का? जागतिक आरोग्य संघटनेची ही चेकलिस्ट आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली होती, त्यात दिल्लीही होतं. २००९ मध्ये निकाल आला. मृत्यू दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आले. आयुष्मान कार्ड असेल तर त्या रुग्णालयात हे ऑपरेशन त्यावर होतं का, तेही आधी विचारून घ्या. वडिलांचं वय सत्तरच्या वर असेल तर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता कार्ड निघतं.

तारीख मिळेपर्यंतचे दिवस वाया घालवू नका. विडी-तंबाखू आजपासून बंद. अंडी, डाळ, दूध, पचेल ते, पण रोज. ज्यांचं वजन आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उतरलेलं असतं ते ऑपरेशन सोसत नाहीत. रोज दोन वेळा चालवा. श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र आत्ताच आणा आणि श्वास आत ओढून गोळ्या वर धरायची सवय लावा, ऑपरेशननंतर दुखत असताना ते शिकता येत नाही. नंतर गुंगीत असताना मायेने वरणभात भरवू नका. पूर्ण जागे, पाठ टेकून ताठ बसलेले आणि गिळताना खोकत नसतील, तरच घास.

प्रश्न : आईच्या मृत्यूनंतर केसपेपर मागितले तर ‘कोर्टातून ऑर्डर आणा’ म्हणाले. खरंच लागते का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : लागत नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केली की ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं त्या जपून ठेवायच्या असतात. तोंडी मागू नका. हिंदीत साधा अर्ज लिहा: रुग्णाचं नाव, भरतीची आणि मृत्यूची तारीख, भरती क्रमांक, तुमचं नातं. मृत्यूच्या दाखल्याची आणि तुमच्या आधार कार्डाची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि वेळ घ्या. नुसती डिस्चार्ज किंवा डेथ समरी देऊन बोळवण करतात. ती एक-दोन पानांची असते आणि नंतर लिहिलेली असते. अर्जात स्पष्ट लिहा की डॉक्टरांच्या रोजच्या राउंडच्या नोंदी, सिस्टरांच्या नोंदी, ताप-नाडी-श्वासाचा चार्ट, औषधं कोणत्या वेळी दिली तो कागद, पाणी-लघवीचा चार्ट, आयसीयूचा मोठा तक्ता आणि कल्चरसह सगळे रिपोर्ट हवेत. झेरॉक्सचे पैसे द्यावे लागतील, पावती घ्या. मिळाल्यावर पानं तारखेवार लावून ओळखीच्या फिजिशियनला दाखवा. एकट्याने रात्री वाचत बसू नका.